एक, दोन की तीन केव्हीए? कोकणातल्या घरासाठी छोटा इन्व्हर्टर जनरेटर घेताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा आम्ही दापोली तालुक्यात घराची दारं लावून बसलो होतो. संध्याकाळी बाहेर आलो तर आगरातल्या निम्म्या पोफळी आडव्या, आणि रस्त्यावरचे विजेचे पोलही त्यांच्याबरोबर. आमच्या वाडीत लाईट आली ती सव्विसाव्या दिवशी. सासूबाईंना दमा आहे, नेब्युलायझर लागतो, विहिरीवर पंप, फ्रीजरमध्ये सीझनचा आमरस भरलेला, त्यात लॉकडाऊन. नवरा आठव्या दिवशी कुठूनतरी दोन केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) साधा उघड्या फ्रेमचा जनरेटर घेऊन आला आणि त्यावर आम्ही कसेबसे दिवस काढले. तेव्हापासून ह्या विषयात मी इतकं डोकं घातलंय की आता ओळखीतले लोक मलाच फोन करून विचारतात, कुठला घेऊ म्हणून. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी त्या साध्या जनरेटरबद्दल, कारण बरेच जण स्वस्त म्हणून तोच घेतात. त्याचं इंजिन सतत ३००० आरपीएमवर पळतं, कारण आपल्याकडची ५० हर्ट्झची लाईट त्या फिरण्यातूनच थेट तयार होते. म्हणजे एक एलईडी लावा नाहीतर फ्रीज, आवाज तेवढाच आणि पेट्रोलही फार कमी होत नाही. पंखे गूं गूं करायचे, बल्ब लपलप करायचे, आणि मुख्य म्हणजे घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर त्याची लाईट घ्यायलाच तयार नव्हता, आतला रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) नुसता टक टक वाजायचा, आत घेतली की परत सोडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा हा बाहेर काढला तर चालूच होईना. टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहिलेलं, कार्बोरेटरचं जेट चिकट पिवळ्या गाळाने बंद. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले वॉरंटीत बसत नाही, आणि पार्टही नाही. दोरी ओढून ओढून माझ्या हाताला फोड आले होते आणि आत सासूबाई धापा टाकत बसल्या होत्या. तो दिवस मी विसरणार नाही.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये फरक काय, तर इंजिन जी वीज बनवतं तिचं आधी डीसी होतं आणि मग आतलं सर्किट त्यातून स्वच्छ २३० व्होल्ट ५० हर्ट्झ बनवतं. त्यामुळे इंजिनला ठराविक वेगाने पळायची सक्ती राहत नाही, लोड कमी असेल तर इको मोडवर ते हळू होतं, आवाज उतरतो, पेट्रोल वाचतं. लॅपटॉप, टीव्ही, राउटर, बीएलडीसी (कमी वीज खाणारे नवे) पंखे ह्यांना ही लाईट बिनधास्त लावता येते. घरच्या इन्व्हर्टरने पण ती निमूट घेतली, फक्त मागचं बटण यूपीएस मोडवरून नॉर्मल मोडवर करावं लागलं.

आता निवडायचा कुठला. मी तीन साईझ प्रत्यक्ष वापरून बघितल्या, त्यातल्या दोन दुसऱ्यांच्या.

पहिला एक केव्हीएचा, एका साउंडवाल्या भावोजींकडून चार दिवस आणला होता. ५० सीसीचं इंजिन, सतत ९०० वॅट, वजन १३ किलो, एका हातात येतो. इतका शांत की आमच्याकडे राहायला येणारे गेस्ट अंगणात बसून गप्पा मारू शकतात. पंखे, दिवे, टीव्ही, चार्जिंग, नेब्युलायझर, सगळं आरामात. फ्रीज पण चालला, पण कॉम्प्रेसर सुरू होताना दरवेळी इंजिन असं दबायचं की जीव वर यायचा. पंपाचा तर विषयच नाही. ज्यांच्याकडे नळाचं पाणी आहे किंवा फ्लॅट आहे (तिथेही बाल्कनीत कृपा करून लावू नका, पुढे लिहिलंय) त्यांना हा पुरे.

तिसरा, म्हणजे सगळ्यात मोठा, शेजारच्या रिसॉर्टवाल्यांकडचा होंडाचा ईयू३०आयएस. १९६ सीसी, सतत २८०० वॅट, टाकी १३ लिटर, चावीने चालू होतो. मशीन म्हणून नंबर एक, खोटं कशाला बोलू. त्यांचा एक एचपीचा पंप त्याने उचलला. पण वजन ६० किलोच्या आसपास. आमच्या घराला रस्त्यापासून जांभ्याच्या बावीस पायऱ्या आहेत, चाकं लावली तरी त्या पायऱ्यांवर चाकांचा उपयोग शून्य, दोन धडधाकट माणसं लागतात. वादळाच्या दिवशी दोन माणसं कुठून आणायची? नवरा चिपळूणला नोकरीला, घरी मी आणि सासूबाई. आणि चावीचा भरवसा बॅटरीवर, पावसाळाभर न वापरता ठेवला की बॅटरी उतरते, मग परत दोरीच.

म्हणून मी मधला घेतला. ह्या मापातलं सगळ्यांना माहीत असलेलं मशीन म्हणजे होंडाचा ईयू२२आय, १२१ सीसी, सतत १८०० वॅट, मॅक्स २२००, टाकी ३.६ लिटर, वजन २१ किलोच्या आसपास. माझा दुसऱ्या कंपनीचा आहे पण आकडे जवळपास हेच. नाव लिहीत नाही कारण कुठल्या कंपनीचा ह्यापेक्षा तुमच्या तालुक्यात त्याचा मेकॅनिक आणि पार्ट मिळतात का हे जास्त महत्त्वाचं, ते आधी फोन करून विचारा. किंमतीही बदलत असतात, दोन डीलरांकडून लेखी कोटेशन घ्या.

दुकानात गेलं की सांगतात, "वहिनी, ह्यावर अख्खं घर चालतं." तेव्हा एकच विचारायचं, पंप सुरू होईल का, आणि आत्ता माझ्यासमोर करून दाखवा. सगळी गोम तिथेच आहे. एक एचपीचा पंप चालू असताना साधारण हजार-अकराशे वॅट खातो, पण सुरू होण्याच्या त्या क्षणाला तीन-चार पट, कधी त्याहून जास्त मागतो. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा मॅक्सचा असतो, तो काही सेकंदांपुरता. तुम्ही रेटेडचा, म्हणजे मशीन सतत देऊ शकतं तो आकडा बघा. आणि केव्हीए म्हणजे किलोवॅट नाही हेही लक्षात ठेवा, वॅट किती ते वेगळं विचारा.

माझ्या दोन केव्हीएने एक एचपीचा पंप उचलला नाही. लाल ओव्हरलोडचा दिवा लागला, इंजिन चालू पण लाईट बंद, मशीन बंद करून परत चालू केल्यावरच लाईट आली. तेव्हा मला वाटलं मोठाच घ्यायला हवा होता. पण आमच्या वायरमनने वेगळाच उपाय काढला. तो म्हणाला, "वहिनी, जनरेटर कशाला बदलताय, पंप बदला." विहिरीपासून टाकी काही फार उंच नाही, अर्ध्या एचपीच्या मोनोब्लॉकने (मोटर आणि पंप एकत्र असलेला छोटा पंप) टाकी भरायला वेळ दुप्पट लागतो पण भरते. तो पंप ह्या मशीनवर सुरू होतो, दोन अटींवर: इको मोड बंद पाहिजे, आणि त्या क्षणाला फ्रीज काढलेला पाहिजे. पंप पळायला लागला की मग फ्रीज लावायचा. छोट्या पंपाचा खर्च धरूनही मला हे तीन केव्हीएपेक्षा बरंच स्वस्त पडलं, आणि २१ किलो मी एकटी पायऱ्या चढवते. जनरेटर मोठा करण्याआधी लोड लहान होतोय का बघा, एवढं एक तरी माझं ऐका.

आमचा आता रोजचा बेत असा असतो, लाईट गेलेल्या दिवसांत. सकाळी तासभर पंप आणि मिक्सर, संध्याकाळी तीन तास फ्रीज, चार्जिंग आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी भरणं. रात्री जनरेटर बंद, पंखे आणि नेब्युलायझर बॅटरीवर. रात्रभर चालवायची गरजच पडत नाही. कमी लोडवर एक टाकी सहा-सात तास जाते, त्यामुळे तीन लिटरमध्ये दिवस निघतो. वादळानंतर पेट्रोल पंपही लाईटअभावी बंद असतात हे आम्ही भोगलंय, तेव्हा हा हिशोब फार महत्त्वाचा.

एक गंमतशीर वाटेल पण अर्धा दिवस खाल्लेली गोष्ट. नवीन मशीन अंगणात ठेवलं, चालू झालं, दोन मिनिटांत बंद. परत चालू, परत बंद. पेट्रोल आहे, प्लग ठीक. शेवटी कळलं की आमचं अंगण पाणी निघून जावं म्हणून गडग्याच्या बाजूला उतरतं केलंय, मशीन तिरकं बसत होतं, ऑइल एका बाजूला जायचं आणि ऑइल कमी आहे असं समजून सेन्सर इंजिन बंद करायचा. खाली जांभ्याचा एक सपाट चिरा टाकला आणि प्रश्न संपला. नवीन मशीनमध्ये ऑइल नसतं, ते आपण भरायचं, अर्धा लिटरपेक्षा कमीच लागतं, आणि पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं.

पेट्रोलचं पण. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडची पावसाळी हवा तुम्हाला माहितीच आहे. काम झालं की मी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरला. दर महिन्याला दहा मिनिटं लोड लावून चालवते.

आता जे जिवावर बेततं ते. निसर्गच्या वेळी पाऊस लागतो म्हणून कितीतरी घरांत जनरेटर पडवीत लावलेले मी पाहिलेत, आम्हीही एक दिवस लावला होता आणि सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेत जातो. घरापासून वीसेक फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट बाजूला, आणि पावसासाठी चार खांबांवर पत्रा, चारी बाजू उघड्या. आम्ही तसा मांडवच करून घेतला.

आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून भिंतीच्या प्लगमध्ये जनरेटर खुपसायचा प्रकार, तो कोणीही करू नका, हात जोडते. तुमची लाईट उलटी लाइनवर जाते, डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब वाढतो, आणि पोलवर जो वायरमन चढलाय त्याला वाटतं लाइन बंद आहे. वादळानंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं भर पावसात आमच्या वाडीत पोल उभे करत होती. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर एकच जोडला जातो, खर्च फार नाही. बसवताना वायरमनला सांगा की ह्या मशीनचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत दिवा लागू शकतो, त्यामुळे घरातला ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नेहमीसारखा ट्रिप होईल असं धरून चालू नका. अर्थिंगचं काम त्याच्याकडूनच करून घ्या.

तक्रार म्हणाल तर टाकी लहान आहे, आणि मशीन गरम असताना पेट्रोल ओतायचं नसतं म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, तेवढ्यात गेस्ट फ्रीजरचं विचारायला येतात. ह्याच मॉडेलचा दुसरा घेऊन पॅरलल केबलने दोन्ही जोडता येतात, मग साडेतीन हजार वॅटपर्यंत जातं आणि तरीही प्रत्येक मशीन २१ किलोचंच. मे महिन्याचं बुकिंग कसं होतंय बघून दुसरा घ्यायचा विचार आहे, आणि तेव्हा जुना एक एचपीचा पंप परत जोडून बघणार आहे, तो अजून गोठ्यात ठेवलाय.