शाळेचा संघ की मिश्र, बझर की चिठ्ठी?

केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, प्रश्नमंजुषा ठरली की पहिला वाद संघांवरून होतो. शाळानिहाय संघ घ्यायचे, की ईश्वरचिठ्ठी काढून वेगवेगळ्या शाळांची मुलं एकत्र बसवायची? सामना बझरवर (आधी बटण दाबेल त्यानं उत्तर द्यायचं) की पाउन्सवर (उत्तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं), हे मात्र केंद्रशाळेच्या कपाटात काय सापडतं त्यावर ठरतं. माझ्या मते हे दोन निर्णय एकत्रच घ्यावे लागतात.

शाळेच्या संघाची जमेची बाजू म्हणजे सराव. कोण गणितात, कोण इतिहासात, हे पोरांना आधीच ठाऊक असतं. पण दोनशिक्षकी शाळेत चौथा गडी भरतीचाच मिळतो, आणि तालुक्याच्या गावी एका वर्गातून चार हुशार निघतात. निकाल घरूनच ठरून येतो. मिश्र संघात ही तफावत बरीच मिटते, फक्त एका संघात एका शाळेची दोन मुलं नकोत.

आता पद्धत. अमेरिकेतल्या क्विझ बोलमध्ये चार-चार जणांचे दोन संघ भिडतात. प्रश्न अवघड खुणेकडून सोप्या खुणेकडे जातो. उदाहरणार्थ, आधी बेसाल्टमधलं आघातविवर, मग खारं पाणी, शेवटी बुलढाणा जिल्हा. लोणार जितकं लवकर ओळखाल तितका फायदा. बरोबर उत्तराला 10 गुण, काही स्पर्धांत फार लवकर दाबलं तर 15, मध्येच तोडून चुकलं तर 5 वजा. या टप्प्यावर आपसात बोलायला मनाई. चर्चा चालते ती बरोबर उत्तर देणाऱ्या संघाला नंतर मिळणाऱ्या तीन भागांच्या जादा प्रश्नाला, म्हणजे बोनसला.

सराव झालेल्या संघाला हे शोभतं. सकाळी ओळख झालेल्या मुलांना मात्र नाही. एक चलाख पोरगा बटण धरून बसतो आणि बाकी तिघं श्रोते. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलीला उत्तर येत असतं; पण मराठी प्रश्न डोक्यात बसेपर्यंत दुसऱ्यानं बझर दाबलेला असतो.

आपल्याकडे रुळलेल्या पाउन्समध्ये सगळे संघ एकाच प्रश्नावर चिठ्ठी लिहून देऊ शकतात, चुकलं तर गुण कापतात. मग ज्यांनी चिठ्ठी दिली नाही त्या संघांकडे प्रश्न क्रमानं सरकतो. चिठ्ठी द्यायची की नाही, यासाठी चौघांना कुजबुजावंच लागतं. मिश्र संघ तिथं जमतो. (लिहिणारी मुलगी आणि सांगणारा मुलगा, ही वाटणी आपोआप होते, दर फेरीला कप्तान बदला.) शिवाय लाइन गेली तरी खेळ थांबत नाही.

वेळेचाही हिशेब करा. सहा संघ बझरवर प्रत्येकाशी खेळले तर 15 सामने. एका खोलीत, 20 मिनिटांचा एक धरला तरी पाच तास, जेवण वेगळं. मुलांना एसटीनं परतायचंय. पाउन्सला सहाही संघ एकदम बसतात. म्हणून मी मिश्र संघ आणि दिवसभर चिठ्ठ्या घेईन, बझर फक्त वरच्या दोन संघांच्या अंतिम फेरीला, तोही बोनस ठेवूनच.

पुढची फेरी शाळेच्या नावावरच असेल तर मात्र शाळानिहाय संघच पाठवा आणि बझरचा सराव महिनाभर आधीपासून घ्या.

राहिला शिल्डचा प्रश्न, संघ मिश्र असतील तर ती कोणत्या शाळेला, आणि मुख्याध्यापक तो पहिल्याच सभेत काढतील. प्रत्येक मुलाच्या संघाचे गुण त्याच्या शाळेच्या नावावर मांडा आणि सरासरी काढा. बेरीज केली तर जास्त मुलं आणणारी शाळाच शिल्ड घेऊन जाईल.