सूत्र की मोल: विरलीकरणाची गणितं कशानं सोडवावीत?

सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, तेही कॅल्क्युलेटरशिवाय. मग ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’चा मोह साहजिकच. यात एम म्हणजे तीव्रता (एका लिटर द्रावणातले मोल), व्ही म्हणजे घनफळ; वन पाणी घालण्याआधीचं, टू नंतरचं. दुसरी वाट म्हणजे आधी मोल, म्हणजे पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक, मोजणं.

नुसतं पाणी घालायचं असेल तर सूत्र बिनतोड. १२ एम हायड्रोक्लोरिक आम्लापासून २५० मिली ०.१ एम द्रावण हवं? ०.१ × २५० ÷ १२, म्हणजे २.०८ मिली. लिटरही करावे लागत नाहीत. फसगत होते ती व्ही-टूपाशी. १०० मिली २ एम द्रावणात ‘३०० मिली पाणी घातलं’, तर व्ही-टू ४०० आणि उत्तर ०.५ एम. ‘३०० मिलीपर्यंत पाणी घातलं’ असेल तरच ०.६७. घाईत हा ‘पर्यंत’ निसटतो.

पाण्याऐवजी त्याच पदार्थाचं दुसरं द्रावण मिसळलं की सूत्र अडतं. २०० मिली ०.५ एम आणि ३०० मिली ०.२ एम एकत्र केले, तर व्ही-वन कुठला घेणार? मोलवाला सरळ बेरीज करतो: १०० + ६० = १६० मिलिमोल (मोलचा हजारावा भाग), भागिले ५०० मिली, ०.३२ एम.

टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणाशी अभिक्रिया घडवून दुसऱ्याचं प्रमाण काढताना, सूत्र अडतही नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतं. २५ मिली ०.१ एम सल्फ्युरिक आम्लाला ०.१ एम सोडियम हायड्रॉक्साइड किती लागेल? सूत्र म्हणतं २५ मिली. पण आम्लाच्या एका मोलला अल्कलीचे दोन मोल लागतात, म्हणून ५०.

मोलची रीत लांबलचक वाटते ती लिटर-मिलीच्या उलटापालटीमुळे. एम गुणिले मिली म्हणजे थेट मिलिमोल, हे हातात बसलं की वेळेचा फरक उरत नाही. त्यामुळे आमचा कौल मिलिमोलला. सूत्र फक्त निव्वळ पाणी घालण्याच्या प्रश्नापुरतं ठेवा.

वजनातली चूक मात्र दोन्हींपैकी कुणीच पकडत नाही. स्फटिकी मोरचूदाच्या एका मोलचं वजन २४९.५ ग्रॅमऐवजी, स्फटिकातलं पाणी विसरून, १५९.५ धरलं, की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही द्रावण चुकतं. प्रॅक्टिकलला सोडियम हायड्रॉक्साइड त्याहून त्रासदायक. मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या पेलेट वजनकाट्यावरच ओलावा शोषतात. १ ग्रॅम मोजून २५० मिली केलं तरी द्रावण ०.१ एमपेक्षा कमीच भरतं. म्हणून ३.१५ ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लाचं २५० मिली द्रावण करून त्याच्याशी टायट्रेट करायचं, आणि सोडियम हायड्रॉक्साइडची येईल तीच तीव्रता पुढच्या गणितात वापरायची.