साडेसातची मॅच आणि सिद्धेश्वर एक्सप्रेस

सोलापूरकराला प्रत्येक मोठी मॅच बाहेरगावचीच. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात संध्याकाळी साडेसातचा सामना बघायचा आणि सकाळी सोलापुरात कामावर हजर व्हायचं, तर सिद्धेश्वर एक्सप्रेसच सोयीची. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी मुंबईत सोडते खरी, पण परतीला ती चारलाच सुटते. म्हणजे जाण्यापुरतीच कामाची, तीही गुरुवारी नसते.

जातानाची सिद्धेश्वर निवांत. रात्री साडेदहा-अकराला बसा, सकाळी सातच्या आसपास सीएसएमटी. खरी परीक्षा परतीची. सीएसएमटीहून गाडी पावणेअकराच्या आसपास सुटते, दादरला दहा-बारा मिनिटांनी आणि कल्याणला साडेअकराच्या पुढेमागे येते. (वेळा बदलतात, तिकीट काढताना ताज्या बघा.) साडेसातची मॅच इंज्युरी टाइम धरून सव्वानऊ-साडेनऊला संपते. गर्दीतून बाहेर पडून आझादनगर मेट्रो गाठेपर्यंत पावणेदहा होतात. सीएसएमटी विसरा. अंधेरीहून लोकलने दादर जमतं, पण तिथे पश्चिमेकडून मध्य रेल्वेच्या फलाटांवर जाताना पुलावरची गर्दी हातातली पंधरा-वीस मिनिटं खाते.

म्हणून बोर्डिंग कल्याणचं ठेवावं. आझादनगरहून मेट्रोने थेट घाटकोपर, तिथून कल्याणची फास्ट लोकल. मेट्रोचं कमाल भाडं ४० रुपये आणि वर लोकलचं किरकोळ तिकीट. सव्वाअकरापर्यंत कल्याण होतं. वेळ दादरपेक्षा फार वाचत नाही, पण गाडी बदलण्याची कटकट कमी. कपची बाद फेरी असेल तर मात्र हा हिशेब मोडतो. एक्स्ट्रा टाइमची ३० मिनिटं, वर पेनल्टी. अशा दिवशी मुक्कामाची तयारी ठेवूनच जावं.

दादरचं तिकीट काढून न कळवता कल्याणला चढणं धोक्याचं. टीसी तुम्हाला गैरहजर धरून बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. बोर्डिंग बदलायचंच तर चार्ट लागण्याआधी ऑनलाइन बदला.

खर्च? स्लीपर एका बाजूला तीनशेच्या आसपास, थ्री एसी साधारण पावणेआठशे-आठशे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि रविवार रात्रीची गाडी लवकर भरते, तेव्हा फिक्स्चर जाहीर झालं की आधी परतीचं काढा, मॅचचं नंतर. तत्काळ आदल्या दिवशी एसीला दहाला, स्लीपरला अकराला. आधार जोडलेलं हवं आणि कन्फर्म झाल्यावर रद्द केलं तर पैसे बुडाले. ऑनलाइन वेटिंग पूर्ण वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर चढता येत नाही.

पुण्यात बालेवाडीच्या मॅचला एक जुनाच घोळ होतो. सिद्धेश्वर पुण्यात मध्यरात्रीनंतर येते, म्हणून शनिवारच्या मॅचनंतरचं तिकीट रविवारच्या तारखेचं लागतं. हुतात्मा एक्सप्रेस स्वस्त आणि मस्त, पण पुण्याहून संध्याकाळी सहाला निघते, फ्लडलाइटच्या मॅचला निरुपयोगी.

मोठी बॅग नकोच. स्टेडियमच्या गेटवर अडवतात, आणि दादरच्या क्लोकरूमला ठेवली (तिथे कुलूप लावलेलीच घेतात) तर कल्याणला चढताना ती दादरलाच राहते. काठीचा झेंडाही घरी ठेवा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा जातानाच संपवा; येताना कल्याणच्या फलाटावर मिळेल ते.