कीलची मजबुती: एबीएसचं गाइड की आयएसओ १२२१५-९?

नऊ ते बारा मीटरची शिडाची बोट घ्यायची ठरली, की कीलच्या, म्हणजे तळाला बोल्टांनी बसवलेल्या जड पात्याच्या, कागदांत बहुधा दोनपैकी एक नाव समोर येतं. १९९० च्या दशकातल्या रेसिंग किंवा क्रूझर-रेसर बोटींवर अमेरिकन ब्युरो ऑफ शिपिंगचं, म्हणजे एबीएसचं, ऑफशोअर रेसिंग यॉट गाइड. अलीकडच्या बोटींवर २०१२ साली आलेलं आयएसओ १२२१५-९ हे आंतरराष्ट्रीय मानक. बोल्टांपुरतं विचाराल तर दोन्हींत फारसा फरक नाही. खरा फरक दोन ठिकाणी आहे: बोट खडकाला लागते तेव्हाच्या हिशेबात, आणि तो हिशेब कोणी तपासला यात.

आधी बोल्ट. दोन्ही मानकं धरून चालतात की बोट ९० अंश आडवी झाली आहे आणि कीलचं पूर्ण वजन बाजूला लटकतं आहे. एबीएसचं सूत्र कागद-पेन्सिलीने सुटतं. कीलचं वजन (न्यूटनमध्ये) गुणिले कील आणि बोट यांच्या जोडापासून कीलच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर, हा आला मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर. त्याला २.५५ ने गुणायचं. मग एका बाजूच्या प्रत्येक बोल्टपासून कीलच्या समोरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून बेरीज करायची, तिला बोल्टच्या यील्ड ताकदीने (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) गुणायचं आणि त्याने वरच्या आकड्याला भागायचं. वर्गमूळ काढलं की आट्याच्या मुळाशी (खाचेच्या तळाशी) लागणारा व्यास मिळतो. २.५५ हा आकडा गूढ नाही: गोल छेदाच्या क्षेत्रफळातला ४ भागिले पाय, गुणिले यील्डवरचा सुरक्षा गुणक २.

उदाहरण घेऊ. कील १५०० किलो, गुरुत्वमध्य जोडाखाली ०.७ मीटर, म्हणजे मोमेंट सुमारे १०,३०० न्यूटन-मीटर. एका बाजूला पाच बोल्ट, प्रत्येक समोरच्या कडेपासून १५० मिमी, बेरीज ७५० मिमी. स्टील ३१६, यील्ड २०५ मेगापास्कल. उत्तर १३.१ मिमी. एम-१६ (१६ मिमी जाडीच्या) बोल्टच्या आट्याचं मूळ साधारण १३.५ मिमी असतं, म्हणजे पास. पण काठावर पास. त्याच बाजूचा एक बोल्ट निकामी झाला तर उरलेल्या चारांना १४.६ मिमी लागतं आणि एम-१६ नापास. म्हणून असल्या कीलला डिझायनर सहसा एम-२० देतो, आणि ते वाजवीच आहे.

आता वजन तेच ठेवून कीलचा माथा अरुंद करा, म्हणजे कडेपर्यंतचं अंतर १५० ऐवजी ८५ मिमी होईल. लागणारा व्यास १७.४ मिमीवर जातो. एम-२० सुद्धा पुरत नाही, एम-२४ लागतो. आधुनिक बारीक फिन (कीलची पाती) देखण्या असतात, पाण्यात वेगानेही जातात. त्याची किंमत इथे मोजावी लागते. वापरलेली बोट पाहताना आधी माथ्याची रुंदी मोजा, मग बोल्ट मोजा.

यार्डात एक चलाखी सर्रास दिसते. सूत्रात ३१६ चे २०५ न टाकता ए४-७० दर्जाचे ४५० टाकायचे. पहिल्या उदाहरणात लगेच एम-१२ पुरेसा दिसू लागतो! ४५० चा आकडा थंड अवस्थेत ओढून कडक केलेल्या स्टीलचा आहे. बोल्ट साध्या ॲनिल केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) सळीवरून कातले असतील किंवा वेल्डिंगमध्ये तापले असतील, तर तो आकडा तिथे लागू नाही. माल आला त्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. नुसतं ‘एसएस ३१६’ लिहिलेलं बिल हे सर्टिफिकेट नव्हे.

जमिनीला लागण्याचा प्रश्न वेगळा, आणि इथे आयएसओ सरळ पुढे आहे. त्यात स्वतंत्र लोड केस, म्हणजे हिशेबासाठी धरलेले भाराचे प्रसंग, आहेत: एक उभ्या आपटीचा, एक पुढून कीलच्या तळाशी बसणाऱ्या आडव्या धक्क्याचा. दुसऱ्याचा अंदाज असा घ्या. कील वगळून बोट ४ टन, कील १.५ मीटर खोल, माथा १.२ मीटर लांब. धक्का कीलवगळता वजनाएवढा धरला तरी मोमेंट सुमारे ५९ किलोन्यूटन-मीटर होतो, आडव्या बोटीच्या जवळजवळ सहापट. कीलचा मागचा टोकाचा भाग हल (बोटीचं कवच) वर ढकलतो, साधारण ५ टनांनी, आणि पुढचे बोल्ट तेवढ्याच जोराने खाली खेचले जातात. म्हणून आपटलेल्या बोटीत नुकसान मागच्या फ्लोअरजवळ (तळातल्या आडव्या आधाराजवळ) शोधायचं. वरून बोल्ट घट्ट आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं आणि कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे बार असतात, तेव्हा हा हिशेब आपल्याकडे काही दूरचा नाही.

आयएसओचाही हिशेब जोडकाम नीट झालं असं धरूनच चालतो. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही ४० फुटी बोट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला जाताना उत्तर अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली आणि चारही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने म्हटलं की आधी जमिनीला लागण्याच्या आणि नंतरच्या दुरुस्त्यांच्या एकत्र परिणामाने आतली ग्रिड (तळाला मजबुती देणारा जाळीसारखा सांगाडा) आणि हल यांचा चिकटवलेला जोड कमकुवत झाला असावा. साच्यात वेगळी बनवून चिकटवलेली ग्रिड स्वस्त पडते, पण तिच्याखालचा जोड सुटला तर डोळ्यांना दिसत नाही. दोन बोटींचा भाव सारखा असेल तर थेट हलवर लॅमिनेट केलेल्या (फायबरचे थर चढवून बनवलेल्या) फ्लोअरची बोट घ्यावी. ती तपासता येते आणि दुरुस्तही होते.

थकवा, म्हणजे लाखो वेळा कमी-जास्त होणाऱ्या ताणाने पडणारी भेग, आयएसओच्या माहितीपर परिशिष्टात आहे, बंधनकारक नाही. वेल्ड केलेली पोकळ स्टीलची फिन असेल तर हा हिशेब स्वतंत्र मागा. ऑस्ट्रेलियात २००२ साली ‘एक्सकॅलिबर’ची कील तुटली. ती फिन कापून पुन्हा वेल्ड केलेली होती. अशा कामाला कुठलंही मानक वाचवत नाही.

राहिला तपासणीचा प्रश्न. एबीएस पूर्वी लहान यॉटचे नकाशे स्वतः तपासून मंजुरी देत असे. पुढे ते थांबलं आणि ‘एबीएस गाइडनुसार’ हे डिझायनरचं स्वतःचं वाक्य उरलं. दोन्हींची किंमत एक नाही. मंजुरीचं पत्र आहे की नुसता दावा, ते विचारा. युरोपच्या २०१३ च्या निर्देशात १२ मीटरखालच्या ए आणि बी (खुल्या समुद्रासाठीच्या) श्रेणीच्या बोटीला ‘ए१’ मार्ग चालतो. त्यात बाहेरच्या संस्थेची देखरेख स्थैर्य आणि तरंगण्याच्या चाचण्यांवर असते. बांधणीच्या हिशेबाची जबाबदारी बांधणाऱ्याचीच. सीई प्लेट (युरोपचे नियम पाळल्याची खूण) पाहून कील कोणी तिऱ्हाइताने तपासली असं समजू नका. १२ ते २४ मीटरला ‘ए१’ चालत नाही, तिथे नोटिफाइड बॉडीचा (अधिकृत तपासणी संस्थेचा) सहभाग अधिक खोल असतो.

नवी बोट बांधून घेत असाल तर आयएसओ १२२१५-९ निवडा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: सर्व लोड केसचा हिशेब हाती मिळेल, तो स्वतंत्र संस्थेकडून तपासला जाईल, आणि बोल्ट व फिनच्या मालाची सर्टिफिकेटं जोडली जातील. या तपासणीला पैसे पडतात, पण कील उतरवून पुन्हा बसवण्यापेक्षा कमी. जुनी बोट घेत असाल आणि खरं एबीएस मंजुरीपत्र असेल, तर नुसत्या सीई प्लेटपेक्षा त्याला आम्ही जास्त मान देऊ. मात्र आडव्या धक्क्याचा हिशेब वेगळा करून घ्या. कॅन्टिंग कील (बाजूला कलवता येणारी) असेल तर एबीएसचा विचारच नको.

कागद काहीही म्हणोत, लोखंडी कीलचा एक स्टड बाहेर काढून बघा. ३१६ स्टील जोडाच्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या फटीतच कुजतं, वर नटाजवळ ते चकचकीत असतं. पहिल्या उदाहरणातल्या एम-१६ चं मूळ २ मिमीने झिजलं तर यील्डवरचा गुणक २ वरून सुमारे दीडवर येतो. शिशाच्या कीलमध्ये ओतलेले जे-बोल्ट काढता येत नाहीत. तिथे कील थोडी खाली उतरवून जोड उघडावा लागतो, आणि तो खर्च भावात आधीच धरावा.