बेटाचा म्हणून पळता बांबू माथी मारतात: आडोशाची झाडं घेण्याआधी वाचा

बिलावर एवढंच: "शोभेचा बांबू, 8 फूट, 24 नग". जातीचं नाव नाही. तोंडी सांगितलं होतं बेटाचा बांबू, म्हणजे जागच्या जागी गठ्ठ्याने वाढणारा. लावून दिला पळता, म्हणजे जमिनीखालून आडवा दूरवर पसरणारा. 70 टक्के आगाऊ, उरलेले 30 टक्के लागवडीच्या दिवशी. म्हणजे पहिला कोंब फरशीच्या सांध्यातून डोकं काढण्याच्या कितीतरी आधी सगळे पैसे विक्रेत्याच्या खिशात. डेकभोवती, म्हणजे बाहेर बसायच्या ओट्याभोवती, "झटपट हिरवी भिंत" विकणाऱ्यांचे बाकीचे उद्योग ठाऊक असतीलच: मेलेली रोपं, रंगवलेले फोटो. हा प्रकार लवकर ध्यानात येत नाही, कारण यात झाड मरत नाही. उलट फोफावतं.

8 फुटांतही हात मारलेलाच. माप पिशवीच्या तळापासून घेतलेलं आणि शेंडे काठीला ताणून बांधलेले. पिशवी सव्वा फूट, शेंडा सोडल्यावर वाकला तो अर्धा फूट. उरले सव्वासहा. खरं तर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण 4 फुटांवर असते, त्यामुळे बसण्याच्या जागेला 6 फुटी आडोसा पुरतो. पण पैसे 8 फुटांचे घेतलेत ना! मातीच्या पातळीपासून मोजा, शेंडा मोकळा सोडून.

आता मुख्य गोष्ट. बेटाच्या बांबूचं जमिनीखालचं खोड आखूड, जाड आणि वर वळलेलं असतं. नवा कोंब जुन्या काठीला खेटूनच येतो. पळत्या बांबूचं खोड बारीक, लांब, टोकाला अणकुचीदार, आणि ते जमिनीच्या वरच्या फूटभर थरातून आडवं धावत सुटतं. लावल्यावर सुरुवातीला तेही मुळं धरण्यात गुंतलेलं असतं, दोन्ही प्रकार दिसायला सारखेच शांत. हमी किती? 12 महिने, तीही "रोप मेल्यास बदलून". पळापळ सुरू होते ती सहसा त्यानंतर. ही मुदत काही सहज सुचलेली नाही.

आणि तो क्षण! लागवडीच्या वेळी पिशव्या फाडल्या विक्रेत्याच्याच माणसांनी, खड्ड्याच्या आत वाकून, पटापट. जवळ जाऊ दिलं नाही. "मुळांना वारा लागू देऊ नका." हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, बांबूची बारीक मुळं खरोखरच लवकर सुकतात, म्हणून तर कुणालाही पटेल. पण त्याच क्षणी मातीचा गड्डा हातात घेऊन फिरवून बघायला हवा होता. पळत्याच्या गड्ड्याला पिशवीच्या आतल्या कडेने पिवळट दोरखंड गुंडाळल्यासारखं खोड दिसतं आणि कोंब कडेला असतात. बेटाच्या गड्ड्यात सगळे कोंब मधोमध, दाटीने. दहा सेकंदांचं काम.

काठ्याही बुंध्यापासून जाळीत गुंडाळून आणल्या होत्या, "फांद्या मोडू नयेत म्हणून". जाळी काढायला लावा आणि पेरावरून अंगठा फिरवा. फायलोस्टॅकिस प्रजातीतल्या पळत्या बांबूला फांद्यांच्या वरच्या पेराला त्याच बाजूने सपाट खाच असते आणि प्रत्येक गाठीवर दोन असमान फांद्या. बॅम्बुसा प्रजातीतल्या बेटाच्या बांबूचं पेर गोल आणि गाठीवर फांद्यांचा झुबका. खाच नसली म्हणून निर्धास्त होऊ नका. काही पळत्या जातींना ती नसते. म्हणूनच गड्डा बघायचा.

"काळजी म्हणून" मुळं अडवणारा पडदाही विकला, 18 मीटर, पैसे वेगळे. निघाला 200 मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद, फूटभर खोल, आणि डेकच्या बाजूने चक्क उघडा. खरा पडदा एचडीपीई नावाच्या चिवट प्लास्टिकचा, किमान दीड मिलिमीटर जाड, 60 ते 70 सेंटिमीटर खोल, वरची कड जमिनीच्या 5 सेंटिमीटर वर ठेवलेली. कड वर का? पडद्यावरून उडी मारणारं खोड दिसावं म्हणून. सांधे नुसते एकमेकांवर ठेवून भागत नाही, धातूच्या पट्टीने आवळावे लागतात. टोक तिथूनच घुसतं.

तक्रारीचं काय झालं? पहिल्या टेबलावर: "झाडं जिवंत आहेत ना? मग फसवणूक कसली?" पोलिसांकडे: "दिवाणी बाब आहे." शेतीखात्यात: "शोभेची झाडं आमच्याकडे येत नाहीत." पुन्हा पहिलं टेबल: जात वेगळी असल्याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. बरं, आणू. तर दाखल्यासाठी फुलांसकट नमुना हवा! बांबूच्या कित्येक जातींना दशकानुदशकं फूल येत नाही, हे कागद मागणाऱ्याला ठाऊक नाही आणि सांगितलं तर "नियम आहे". बिलावर बांबू लिहिलंय, बांबू मिळालाय, फाईल बंद. फरशा उचकटल्या त्यासाठी अर्जात रकानाच नाही. विक्रेता तोच फोटो लावून तीच "भिंत" अजून विकतोय.

तेव्हा बिलावर शास्त्रीय नाव पूर्ण लिहून घ्या, शेजारी "गठ्ठ्याने वाढणारा" हे शब्दही. नाव लिहायला कां कू केली की व्यवहार तिथेच थांबवा. शेवटचे 30 टक्के गड्डे बघितल्याशिवाय देऊ नका. उघडेल तिथे प्रत्येक गड्ड्याचा फोटो.

ज्यांच्याकडे लागलाच आहे त्यांनी नुसते कोंब छाटत बसू नये. झाडांच्या रांगेबाहेर फूटभर खोल चर खणा, मोकळा ठेवा, आणि वर्षातून दोनदा त्यात डोकावणारी खोडं तोडा. तुकडे खताच्या खड्ड्यात टाकू नका, डोळा असलेला छोटा तुकडाही रुजतो. उन्हात कडक वाळवा. एक लांब खोड मात्र वरच्या काठीसकट अख्खं उपटून ठेवा. दुसऱ्या काठीपर्यंत पोचलेलं असेल तर फारच छान. फुलाशिवाय तक्रारीच्या टेबलावर ठेवण्यासारखा पुरावा तोच.