क्रिप्टॉस, पुणे: हमिंग सोडलं तर पैसे वसूल

आमचा धंदा मोटर रिवाइंडिंगचा, गाव सांगली. आवाजात बिघाड शोधायची सवय कानाला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

भाचा पुण्यात शिकतो, त्याने क्रिप्टॉस या हेवी मेटल बँडच्या कार्यक्रमाची तिकिटं काढलेली. एक ७९९ ला. शनिवारी स्वारगेटला उतरून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून बंडगार्डन, पुढे रिक्षा. कोरेगाव पार्कातल्या एका पबचा मागचा हॉल. बाउन्सरने भाच्याच्या मनगटावर शिक्का मारला आणि मला म्हणाला, "काका, मुलाला न्यायला आलात का? अजून वेळ आहे." मी शर्टाची वरची दोन बटणं काढून आतला आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचा टी-शर्ट दाखवला. २००७ ला बंगळूरला त्यांना बघायला मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जनरल डब्यात उभा गेलेलो, तेव्हाचा. बगलेत उसवलाय, पण त्यावरचा एडी, म्हणजे बँडचा तो सांगाड्यासारखा भुताचा चेहरा, शाबूत आहे.

सातची वेळ, सुरू झालं साडेआठला. आधी कॉलेजच्या पोरांचा एक बँड. पोरं जीव तोडून वाजवत होती, पण गाणं थांबलं की स्पीकरमधून घुंऽऽ. विजेच्या लाइनची ही पन्नास हर्ट्झची घरघर, म्हणजेच हमिंग, मी झोपेतही ओळखतो. स्टेजवरचे अँप (गिटारचे अँप्लिफायर) एका बोर्डावर आणि साउंडचा मिक्सर पार मागच्या भिंतीच्या बोर्डावर, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा, आणि सिग्नलच्या केबलमधून त्यांचं वेटोळं पूर्ण होतंय, तीच घरघर. साउंडवाला अँपच्या प्लगची अर्थची पिन काढायला निघाला. मी ओरडलो, "अरे, पिन नको काढूस! गिटारवाल्याचा हात माइकला लागला तर चिकटेल तो. सगळं एका बोर्डावर घे." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी फुकट जेवायला आलोय. पण मधल्या वेळात गुपचूप एक्स्टेंशन ओढलं. घरघर नव्वद टक्के गेली.

मग क्रिप्टॉस. बंगळूरचे, १९९८ पासून वाजवतायत, जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवात २०१३ साली वाजवून आलेले. ऐंशीच्या दशकातलं सरळ हेवी मेटल, उगाच कसरती नाहीत. दोन गिटारी एकच सूर वर-खाली धरून जोडीने पळतात, आणि त्यावर गायक नोलन लुईसचा खरवडल्यासारखा आवाज. बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर मेडनची माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसत होती. इथे मी स्टेजपासून सहा फुटांवर, तारेवरून बोट सरकताना होणारी किरकिरसुद्धा दिसत होती. हो, दिसत होती. ऐकू येण्याची शक्यताच नव्हती. बास मात्र निम्मा वेळ नुसता पोटात जाणवला, सूर कळला नाही. दोष हॉलचा. पत्र्याखाली थर्माकोल चिकटवून काय होणार?

मधोमध पोरांनी रिंगण केलं आणि एकमेकांवर आदळायला लागली. माझा चष्मा उडाला. मी म्हटलं, गेले तीन हजार. तर खांद्यावर कवटी गोंदवलेला एक आडदांड गडी दोन्ही हात पसरून गर्दीला पाठ देऊन उभा राहिला, दोघांनी मोबाईलचा उजेड मारला, चष्मा मिळाला. काच पुसून द्यायलाही विसरला नाही. "घाला मामा," म्हणाला. मामा कसं कळलं कोण जाणे.

कानात घालायला रबरी बोळे न्याच. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटांच्या पुढे कान उघडे ठेवू नयेत म्हणतात, आणि हे दीड तास चालतं. भाच्याने घातले नाहीत. रविवारी सकाळी गुडलक कॅफेत बन मस्का खाताना मी बिल विचारलं तर तो म्हणाला, "हो, अजून एक."

लाइम सोडा २४० रुपये, वर टॅक्स. आतल्या पाण्याचे दर सांगत नाही, माझ्या बायकोनेही हे वाचलं तर पंचाईत. बाहेरून पिऊन जा.