एक लाख वीस हजार पास्कल आणि माझे ६३,९०१ रुपये

ज्यांच्या घरात लॅब्रडॉर आहे त्यांना केसांचं काय होतं ते सांगावं लागत नाही. आमचा ब्रूनो सहा वर्षांचा, ३१ किलोचा. वर राठ केस आणि खाली मऊ लव, असं त्याच्या अंगावर दुहेरी पांघरूण. ती लव वर्षातून दोनदा झडते. ऑक्टोबरात नुसता हात फिरवला तरी मूठभर हातात येते. झाडू मारला की केस गोळा व्हायच्या ऐवजी उडतात आणि पलंगाखाली जाऊन बसतात. सोफ्याच्या कापडात टाचणीसारखे रुततात. वरणात सापडतात. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे दादांना, दमा आहे, वय ७८. दादांचा पंप दिवसातून दोनदाचा चारदा झाला तेव्हा मी नवा व्हॅक्यूम क्लीनर शोधायला लागले. हे आधीच सांगते, कारण त्या शोधात एका जाहिरातीला मी फसले आणि नंतर जो भेटला त्याने मला ‘स्वस्ताच्या नादाला लागलीस’ हेच ऐकवलं आहे. मी स्वस्ताच्या नादाला लागले नव्हते. घरातल्या माणसाला श्वास घेता येत नव्हता.

जुना क्लीनर होता, पण त्याच्या ब्रशला केस गुंडाळले जायचे आणि दर रविवारी मी जमिनीवर बसून कात्रीने ते कापून काढायची. म्हणून चार दिवस फोनवर ‘कुत्र्याचे केस, व्हॅक्यूम’ एवढंच शोधत होते. पाचव्या दिवशी जाहिरात आपणहून समोर आली. सोफ्यावर कुत्रा झोपलेला, एक बाई हातातलं यंत्र कापडावरून फिरवते आणि मागे स्वच्छ पट्टा उमटतो. बिनवायरचं, केस न गुंतणारा ब्रश, अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर. मूळ किंमत १७,९९९, आज ४,२९९. खाली मराठीत अभिप्राय, ‘आमच्या जर्मन शेफर्डसाठी उत्तम’ वगैरे. आणि मोठ्या ठळक अक्षरांत: खेचण्याची ताकद १,२०,००० पास्कल.

इथेच मला कळायला हवं होतं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवीला ‘बल व दाब’ हा धडा दरवर्षी घेते. पास्कल हे दाबाचं एकक. समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल, हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं आहे की झोपेतही सांगेन. व्हॅक्यूम क्लीनर हवा ‘ओढत’ नाही. तो आत दाब कमी करतो आणि बाहेरची हवा आत ढकलली जाते. म्हणजे आत संपूर्ण निर्वात पोकळी केली तरी फरक पडणार १,०१,३२५ पास्कलचाच. त्याच्या वर जगातलं कुठलंही यंत्र जाऊ शकत नाही. घरगुती चांगल्या यंत्रांचा आकडा साधारण पंधरा ते तीस हजारांच्या घरात असतो. १,२०,००० हा आकडा खोटा आहे हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती, मीच पुरेशी होते. आकडा मी वाचला. मोठा आहे म्हणून खूशही झाले. त्या रात्री दादा उशीला टेकून बसले होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि माझं डोकं चालत नव्हतं. हेच खरं कारण आहे. तरीही तो आकडा आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

आगाऊ पैसे भरायला नको म्हणून मी माल मिळाल्यावर रोख देण्याचा पर्याय घेतला. त्यात आपण सुरक्षित असतो असं मला वाटायचं. तसं नसतं. १७ ऑक्टोबरला दुपारी कुरियरवाला आला. ४,२९९ अधिक रोखीचा आकार ९९, एकूण ४,३९८ रुपये. मी म्हटलं, आधी उघडून बघते. तो म्हणाला, ‘मॅडम, ओपन डिलिव्हरी नाहीये, पैसे आधी.’ खोकं मी एका हाताने घेतलं. एका हाताने! मोटर, बॅटरी, नळी, ब्रश असलेलं बिनवायरचं यंत्र दोन-तीन किलोंचं असतं आणि हे खोकं नारळाएवढंही भरत नव्हतं. तो खाली रिक्षा लावून आलेला, घाई करत होता, ब्रूनो भुंकत होता. मी पैसे दिले.

आत गाडीच्या डॅशबोर्डवरची धूळ काढायचं प्लास्टिकचं खेळणं निघालं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर ३८० ग्रॅम. ब्रूनोच्या पाठीवरून निघालेला केसांचा एक गोळा फरशीवर ठेवून त्याच्यासमोर यंत्र चालू केलं. गोळा जागचा हलला नाही. मागच्या बाजूने येणाऱ्या हवेने मात्र बाजूचे दोन केस उडून माझ्या साडीला चिकटले.

इथवर नुकसान ४,३९८चं होतं. इथेच थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

वेबसाइटवर पत्ता नाही, फोन नाही, नुसता एक ईमेल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक विक्रेत्या साइटवर कंपनीचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क असावाच लागतो. हे मला नंतर कळलं, तुम्ही आधी बघा. मी कुरियर कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक सर्चमध्ये शोधला आणि पहिला आला त्यावर फोन केला. तो क्रमांक चोरांचाच होता. समोरचा माणूस अस्सल मराठीत बोलला. ‘ताई, अशा खूप तक्रारी आल्यात, काळजी करू नका, पैसे परत मिळतील.’ गाव विचारलं. मी सातारा म्हटल्यावर म्हणाला, ‘मग तर आपण गाववालेच.’ व्हॉट्सॲपवर ‘रिफंड फॉर्म’ नावाची फाइल पाठवली. ती एपीके होती, म्हणजे फॉर्म नव्हे, ॲप. ती उघडली, मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. खात्री पटवण्यासाठी कार्डने ५ रुपये भरायला सांगितलं. त्या पानावर मी कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले.

मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. एकालाही नाही. हे मी बँकेत, पोलिसांत, घरात, सगळीकडे ओरडून सांगितलं आहे. आलेला ओटीपी ते ॲपच वाचून पुढे पाठवत होतं. संध्याकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी २४,९९९ गेले. ६.२६ ला आणखी २४,९९९. मेसेज मला दिसलेच नाहीत, ॲपने दाबून ठेवले होते. ईमेल आला म्हणून कळलं. कार्डामागच्या क्रमांकावर बँकेला फोन लावला. भाषा निवडा, हे दाबा, ते दाबा, गाणं ऐका. ६.३१ ला माणूस मिळाला आणि ‘कार्ड ब्लॉक केलं’ म्हणाला. ६.४४ ला आणखी ९,५०० गेले. ब्लॉक केल्यावर तेरा मिनिटांनी!

४,३९८ अधिक ५ अधिक २४,९९९ दोनदा अधिक ९,५००. ६३,९०१ रुपये.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर अकराव्या प्रयत्नाला फोन लागला. तिथल्या मुलीने नीट लिहून घेतलं, तक्रार क्रमांक आला, तेवढं श्रेय देते. दुसऱ्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. दीड तास बाकावर. मग हवालदार म्हणाले, ‘हे सायबरचं आहे, तिकडे जा.’ सायबरवाले म्हणाले, ‘रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या.’ परत ठाण्यात. तिथे साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि पहिलं वाक्य काय, तर ‘शिक्षिका असून असं कसं केलंत?’ चोराला विचारायचे प्रश्न मला विचारले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलिसांनी गुन्हा कसा हाताळायचा त्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते, हे मी छापून नेलं होतं. तो कागद त्यांनी न वाचता माझ्याकडे सरकवला. गुन्हा नोंदवायला एकोणीस दिवस लागले. पहिल्या २४,९९९ पैकी ११,२०० रुपये कुठल्याशा खात्यात गोठवले आहेत असं कळलं, तर ते मिळवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. माझे पैसे, चोराच्या खात्यात सापडलेले, आणि आदेश मी आणायचा!

कुरियर कंपनीचं तर विचारूच नका. रोखीने घेतलेले पैसे विक्रेत्याला त्याच दिवशी पोचत नाहीत, काही दिवसांनी एकत्र जातात. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी खऱ्या क्रमांकावर विनवलं की ते ४,३९८ अडवून ठेवा. ‘मॅडम, आम्ही फक्त पोचवतो.’ पाठवणाऱ्याचं नाव विचारलं, तर गोपनीय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली आणि विक्रेत्याशी संपर्क होत नाही म्हणून बंद केली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, हे खरं. पण नोटीस पाठवायची कुणाला? पत्ताच नाही.

आणि बँक. बँकेचं उत्तर दोन ओळींचं: व्यवहार ओटीपीने झाले, ग्राहकाचा निष्काळजीपणा, तक्रार निकाली. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी शाखा व्यवस्थापकांसमोर ठेवलं. ग्राहकाची चूक असली तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच, असं त्यात सरळ लिहिलं आहे. ६.३१ ला कळवलं, ६.४४ ला ९,५०० गेले. व्यवस्थापक म्हणाले, ‘तो व्यवहार आधीच प्रक्रियेत असेल.’ असेल! मी लेखी द्या म्हटलं, तर पुढच्या आठवड्यात या. चार वेळा गेले, चारही अर्ध्या रजा टाकून.

तुमच्या बाबतीत असं झालं तर बँक आणि १९३० दोन्हीकडे लगेच फोन करा, एक झाल्यावर दुसरा असं नको, घरातल्या दुसऱ्याच्या फोनवरून एकाच वेळी. ज्या फोनवर ॲप टाकलंय त्याचं इंटरनेट आधी बंद करा, मला हे सुचलं नाही. फोन केल्याची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट जपा, माझं सगळं भांडण त्या एका चित्रावर उभं आहे. ग्राहक सेवा क्रमांक सर्चमधून कधीच काढू नका. पैसे परत मिळवायला पैसे भरा म्हणणारा चोरच असतो, पाच रुपये म्हणाला तरी. पार्सल हातात घ्या, हलकं वाटलं तर न घेता परत पाठवा, खाली रिक्षा उभी असेना का.

क्लीनर शेवटी दुकानातून घेतला. ब्रूनोचे केस प्लास्टिकच्या पिशवीत भरून नेले आणि दुकानदाराला म्हटलं, या गालिच्यावर टाकते, चालवून दाखवा. एका यंत्राने केस पुढे ढकलले, दुसऱ्याच्या ब्रशला ते गुंडाळले, तिसऱ्याने घेतले. जाहिरातीतल्या वॅटवर जाऊ नका, तो आकडा यंत्र वीज किती खातं त्याचा असतो. सोफ्यासाठी मोटर असलेला छोटा ब्रश हवाच. फरशीवर मऊ रोलर बरा पडतो, कडक दात केस उडवतात. हेपा फिल्टर असून उपयोग नाही, बाकीचं अंग हवाबंद नसेल तर धूळ फटीतून परत खोलीत येते, आणि दम्याच्या माणसाला हेच भोवतं. बिनवायरचं यंत्र पूर्ण ताकदीवर बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटंच टिकतं, म्हणून मी वायरवालं घेतलं. १३,४५० रुपये, पावतीसह. दादांचा पंप पुन्हा दोनदावर आला आहे.

बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे शुल्क नाही. मी अर्ज केला आहे. ६.३१ चा स्क्रीनशॉट, ६.४४ चा ईमेल, परिपत्रकाची प्रत, सगळं जोडलं आहे. ते २४,९९९ दोनदा मला मिळणार नाहीत असं सगळेच म्हणतात. पण हे ९,५०० माझे आहेत, आणि ते मी सोडणार नाही.